अनेकवचन

खैरगावच्या चर्चला चार सूर होते तेव्हाची गोष्ट.
सोप्रानोला दवाखान्यातल्या सुवार्ता सिस्टर,
आल्टोला मावशी, आणि तिच्या पदराआड मी,
टेनरला दारव्हा डेपोचे कंडक्टर शांतवन तायडे,
बासला एकटा एलिया वानखडे,
जिनिंगमध्ये गाठी मोजणारा,
ज्याचा आवाज आधी बाकाच्या फळीत यायचा,
मग कानात.

एप्रिल. पत्र्याचं छप्पर. ईस्टरची तालीम.
मला वाटायचं, हा उन्हाचाच शब्द:
हाले, मग लू, मग या.
दारात लू हालते आहे
आणि कुणीतरी तिला म्हणतंय, या, बसा.
एकदा हे मोठ्यानं बोलून गेले.
शांतवनकाका हसत हसत बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.
उबाळे मास्तर हसले नाहीत.
खडू घेतला, शब्द फोडला.

हालेलू: स्तुती करा.
'कर' नाही, पोरी. 'करा'.
आणि हे 'करा' मानाचं नाही, गर्दीचं आहे.
इब्रीत एकट्याला सांगायचं तर
शब्दच बदलावा लागतो.
आणि या: नाव. तेही अर्धंच.
पूर्ण नाव थे लोक तोंडानं घेत नव्हते.
"तुही माय घेते काय तुह्या बापाचं?"
नाही घेत, म्हटलं. उखाण्यात घेते.
"मंग हा उखाणाच समज. नाव शेवटी येते."

शब्द असा फोडून दाखवला
आणि गाताना पुन्हा फुटला, वेगळाच.
सिस्टर 'या'वर टेकल्या की आम्ही 'हा' उचलायचो,
आमचा 'लू' लांबत असताना
काका मागून घुसत, सुटत्या गाडीत चढल्यासारखे,
आणि सगळ्यांच्या खाली
एलिया सावकाश एकेक पायरी उतरायचा.
चौघं एकमेकांना सांगतायत, करा, तुम्ही करा.
मग करतंय कोण?
हे विचारायचं राहून गेलं.

चर्चच्या भिंतीला लागून मोबीनभाईची चक्की.
तालमीच्या आधी मास्तर मला पिटाळत,
"बंद करा म्हणाव."
"दोन पायल्या राहिल्या," म्हणत ते खटका ओढत.
घरघर थांबायला बराच वेळ घ्यायची.

नोव्हेंबरात एलिया गेला.
वीस वर्षांचा कापूस छातीत बसला होता.

पुढच्या एप्रिलात तिघांच्या सुरांत उभे राहिलो.
त्याची उतरण आली तशी सगळे आपोआप थांबलो,
कुणी थांबा म्हटलं नव्हतं.
त्या शांततेत चक्की ऐकू आली.
त्या दिवशी मी सांगायला विसरले होते.
मास्तरांनी पेटीची डावीकडची एक पट्टी दाबली,
कान तिरपा केला,
पुन्हा दाबली.
"थोडी चढी हाय," म्हणाले.
मग, "राहू दे चालू."

ईस्टरच्या पहाटे पाच वाजता
मी मोबीनभाईंचं दार वाजवलं.
चालू करा म्हणाव.
ते डोळे चोळत म्हणाले, इतक्या पहाटे कोणाचं दळण?
आणि रिकामी चक्की किंचाळते,
दाणा पडला तरच आवाज खाली बसतो.
एवढं बोलून आत गेले
आणि स्वतःच्या घरची ज्वारी
डबाभर आणून ओतली.

आम्ही गायलो.
सिस्टर एका जागी चुकल्या.
काका त्याच्या उतरणीवर
रिकाम्या स्टुलाकडे न बघता
भिंतीकडे बघत होते,
आणि भिंत बारीक थरथरत होती.

उपासना संपल्यावर
खिडकीच्या गजांवर पिठाचा थर होता.
मावशीनं बोटानं उचललं, जिभेला लावलं.
"भरडंच काढलं मेल्यानं," म्हणाली,
आणि आणखी एक बोट चाखलं.