स्प्रिंगच्या खाली

तुर्भे नाक्याच्या अलीकडे, ट्रकांच्या रांगेला पाठ लावून
आमचं दुकान. बॅलन्सिंगचं मशीन एक,
जॅक दोन, आणि स्टुलावर बाबा.

बाबा रिम उचलून वजन सांगायचे.
नऊ सातशे. काटा म्हणायचा नऊ सातशे वीस.
वीस ग्रॅम माती आहे, धुऊन आण.

निमिष कारखानीस चार अलॉय घेऊन आला,
काळे, सहा किलोच्याही आतले,
दोन बोटांवर झुलवत.
पाम बीचला गाडी कशी सुटते बघ, म्हणाला.
सुटली. खोटं कशाला बोलू,
मी शेजारीच बसले होते.
ब्रेकवर पाय पडतो न पडतो तोच थांबायची,
रस्त्यातला खडान्‌खडा तिला कळायचा
आणि मला नाही.

बाबा एवढंच बोलले:
स्प्रिंगच्या वरचं ओझं डुलक्या घेत जातं.
स्प्रिंगच्या खालचा किलो जागा असतो,
खड्डा आला की तोच आधी आपटतो.
तो हलका हवाच.
पण कशातून काय काढून हलका केलाय
ते विचार त्याला.

मी विचारलं नाही. चार चाकांची बसवणी होती,
महिनाअखेर होती.

गणपती गेल्यावर आला. मागचं डावं चाक
रोज रात्री चार पॉइंट उतरतंय.
साबणाचं पाणी सोडलं. टायर साफ, वॉल्व्ह साफ.
मग रिमच्या आतल्या कडेला एक बुडबुडा,
मोहरीएवढा,
फुगला, फुटला, परत फुगला.

बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो.
टायर उतरवून रिमा मी उभ्या धरल्या
आणि त्यांनी पान्याने टकटक केली,
बाजारात माठ वाजवून घेतात तशी.
तीन बोलल्या.
चौथी खोकली.

ओतलेली आहे, म्हणाले, घडवलेली नाही.
लोखंडाला पोक येतं, हातोड्याने बसवता येतं.
हिला पोक येत नाही.

वेल्डिंग? निमिषने विचारलं.
मी मान हलवली, बाबांकडे न बघता.

त्याची जुनी लोखंडी चाकं मागे रचलेली होती,
वरच्यावर आमचं पाण्याचं पिंप.
पिंप उतरवताना अर्धं पाणी पायावर.
चाक मशीनवर चढवलं, फिरवलं:
आतून पंधरा ग्रॅम, बाहेरून पाच.
शिसं ठोकलं. पुन्हा फिरवलं. शून्य, शून्य.

आता गाडी जड लागेल ना? तो म्हणाला.
लागेल, म्हटलं.
आठवडाभर.