उभ्या गाडीचा अ‍ॅव्हरेज

शोरूमच्या पोरानं सांगितलं होतं, सतरा.
त्याच्या शर्टाला इस्त्रीची रेघ होती,
तेव्हा वाटलं, देत असेल.

माझ्या वहीत सतरा कुठंच नाही.
माजलगावचा तोच पंप, तीच नळी,
टाकी तोंडापर्यंत,
पंपावरच्या पोरीला दर वेळी सांगायचं,
फेस बसू दे, मग अजून घोटभर टाक.
रिकामी पिकअप, साडेतेरा.
सिमेंटची तीस पोती, अकरा.
मागं स्लॅबचं मिक्सर जोडलं, नऊ.
मिक्सर आणि धारूरचा घाट, सात,
तेही वारा समोरून नसेल तर.

वाहणं वेगळं आणि ओढणं वेगळं.
पोती बिचारी पाठीवर गुमान बसतात.
मागं जोडलेल्याला स्वतःचं मन असतं.
मिक्सरला ब्रेक नाही.
चढाला म्हणतं, थांब ना जरा.
उताराला म्हणतं, सरक, मला जाऊ दे.
हुकाची पिन कधीच हरवली,
तिथं सोळाच्या सळईचा तुकडा आहे,
खाजा मिस्त्रीनं वाकवून दिलेला.
त्याचा खडखडाट थांबला
की मी पहिल्यांदा आरशात बघतो.

लिंबाजी आबूज, आमचे मालक,
दर सोमवारी वही तपासतात.
फाल्गुनातल्या एका पानावर त्यांचं बोट अडलं.
चौसष्ट किलोमीटर, साडेअकरा लिटर.
"पाच पॉइंट सहा? काहून रे?
गाडीनं पिलं का तू इकलं?"
म्हणलं, मालक, गाडी उभी होती.
"उभी गाडी डिझेल खाती व्हय?"
खाते.

घाटाच्या वरचं गाव.
कौसाबाईचं घर, दोन खोल्या आणि जिना.
अंगणवाडीची मदतनीस,
सकाळी मिक्सरला हळद-कुंकू लावून
नारळ फोडला, तर निम्मं पाणी
तिनं इंजिनावरच ओतलं.
दुपारी मिक्सर दोनदा रुसलं.
सात वाजता लाइट गेली
आणि स्लॅब अजून एक खोली बाकी.
स्लॅब मधेच सोडता येत नाही.
जिथं थांबाल तिथं सांधा राहतो,
आणि पाणी नेमकी तेवढीच जागा
पुढची वीस वर्षं लक्षात ठेवतं.

मग मी हुक सोडला,
गाडीची पुढची चाकं उकिरड्यावर चढवली,
नाक वर, दिवे फुल.
बॅटरी म्हातारी, इंजिन बंद करायची सोय नव्हती.
चौदा माणसं त्या उजेडात चढत-उतरत राहिली,
घमेली हातोहात,
आणि पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर
त्यांच्या सावल्या, ताडाएवढ्या,
काहीतरी एकमेकींना देत होत्या.
कौसाबाई बॉनेटवर हात ठेवून उभी.
तापलं होतं, तरी हात काढला नाही.
एकदाच म्हणाली,
"भाऊ, बंद तर न्हाई ना पडायची?"

चार तास. साडेतीन लिटर.
मीटरचा शेवटचा आकडा जागचा हलला नाही.
शून्याला साडेतीननं भागलं तर काय येतं,
मी बारावी नापास,
तीनदा करून बघितलं.
शून्यच येतं.

मालकांनी साडेतीन लिटरचे पैसे कापले.
मी भांडलो नाही, हिशेब त्यांचाही बरोबरच होता.
फक्त वहीत पट्टीनं एक रकाना वाढवला:
उभी गाडी.
बहुतेक रिकामाच असतो.

परवा तिकडून परत येत होतो,
मिक्सर किल्ले धारूरला सोडून, मोकळा,
हुक एकटाच टणटण करत.
कौसाबाईच्या स्लॅबवर
कुरडया वाळत घातल्या होत्या
आणि एक लेकरू काठी घेऊन
कावळ्यांवर लक्ष ठेवून बसलं होतं.
मी वेग चाळिसावर आणला.
चाळिसाला अ‍ॅव्हरेज चांगला पडतो,
म्हणून.
वहीत तरी तसंच लिहिलंय.