एका पेसोत पाच मिनिटं

माझ्या दुकानाच्या खांबाला एक हिरवी पेटी आहे.
फटीतून एक पेसो सोडायचा,
पेटी टुणकन वाजते,
आणि पाच मिनिटं जग उघडं.
बेटावर दुसरीकडे कुठे रेंज नाही,
टेकडीवरच्या आंब्याखाली थोडी,
तीही वारा पडला की.

तो आला तेव्हा मी अंडी मोजत होते.
रुपेर्तो मालाबानान. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या,
मागे ट्रक, ट्रकवर भोंगा,
भोंग्यात त्याच्याच नावाचं गाणं.
चर्चसमोर उभं राहून त्याने हात पसरले,
जाळं टाकावं तसे :
इंटरनेट हवेसारखं असावं.
हवेचे पैसे देता का तुम्ही?

टाळ्या पडल्या.
माझे आकडे चुकले, अंडी पुन्हा मोजली.

बोलाचा भात आम्ही आधीही जेवलोय.
धक्क्याचा जेवलो, त्याचे तीन खांब पाण्यात उभे आहेत,
त्यांवर बगळे बसतात.
दवाखान्याचा जेवलो.
फलक गंजला,
फलकावरचं हसू तेवढं ताजं.

पण खरं सांगते, मी भ्यालेही होते.
फुकट मिळालं तर माझ्या पेटीत कोण नाणं टाकेल?
रात्री कंदिलाशी हिशेब केला :
दिवसाचे साठ, वीज वजा जाता पस्तीस,
पस्तिसात जोमारीचं दूध, त्याच्या वहीचे कागद.
तेव्हा माझी शंका काही गंगाजळ नव्हती.
तिच्यातही धंदा होता.

मतदानाला एकवीस दिवस असताना खांब आला.
वर पांढरा डबा, डब्यात निळा दिवा.
फोनवर नाव उमटायचं, मालाबानानची भेट,
चारही पट्ट्या भरलेल्या,
बोट लावलं की एक गोल फिरायला लागायचा.
फिरतच राहायचा.

कोन्सोर्सिया बाकावर बसून राहायची,
रविवारचा निळा झगा घालून, मांडीवर फोन.
तिचा मुलगा मालवाहू जहाजावर, रॉटरडॅमच्या आसपास कुठेतरी.
मी म्हटलं, उठ गं, ऊन झालं.
ती म्हणाली, गोल फिरतोय म्हणजे येतंय ना?

आणि आलं.
मोठ्या सभेच्या संध्याकाळी खरंच आलं.
मुलगा दिसला तिला, दाढी वाढलेला,
तिने फोन आधी चर्चकडे फिरवला,
मग माझ्याकडे, मग कुत्र्याकडे.
सगळा चौक आपापल्या माणसाशी बोलत होता,
मंचावर कोण काय बोलतंय
कुणाच्या कानावर नव्हतं.
मला वाटलं, चुकलो आपण. पेटी उतरवावी.

मग सभा संपली, ट्रक निघाला.
वळणावर पहिली पट्टी गेली,
पुलाशी दुसरी.
पोरांच्या आधी लक्षात आलं,
ती फोन उंच धरून ट्रकमागे धावली,
अनवाणी, ओरडत,
पाणंदीच्या टोकापर्यंत.
इंटरनेट ट्रकमध्ये होतं.
खांबात फक्त दिवा.

तो निवडून आला. आम्हीच दिला.
मी दिलं की नाही विचारू नका,
त्याने तांदळाची पिशवीही दिली होती.

त्याचा मोठा फलक आता डुकरांच्या गोठ्यावर आहे,
चेहरा आतल्या बाजूने.
पावसात डुकरं त्याच्याखाली झोपतात,
फलकाचं कापड चांगलं निघालं.

काल दोन पोरं आली, नव्या उमेदवाराची,
गळ्यात पट्टे, हातात मोजपट्टी.
खांब मोजला, डबा मोजला,
थंड पाणी मागितलं.
मग एकाने विचारलं,
ताई, साहेबांना फोटो पाठवायचाय,
इथे नेट कुठे मिळेल?

मी पेटीकडे बोट दाखवलं.
त्याच्याकडे सुटे नव्हते.
मी वीसची नोट मोडून दिली.