शून्यातली चूक

संध्याकाळी साडेसहाला आम्ही आठ जण
विद्यार्थी-भवनाच्या तळघरात फोन घेऊन बसतो.
तासाला तेरा डॉलर, शुक्रवारी पिझ्झा.
समोर छापील कागद: आधी नाव, मग थंडीचं काहीतरी,
मग, "आपल्या विभागाची आठवण येते का?"
आणि तीन सेकंद थांबायचं.
थांबायचं, हेही छापलेलं आहे.

मग वाटा दाखवायच्या.
एकरकमी देता येतं. महिन्याला दहा देता येतात,
खात्यातून आपोआप, कळतही नाही.
तुम्ही घालाल तेवढेच तुमची कंपनी घालते, फॉर्म आम्ही पाठवू.
वधारलेले शेअर द्या, कर वाचतो.
मृत्युपत्रात एक ओळ,
ही हळू आवाजात, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांनाच.
पन्नास हजारांत प्रयोगशाळेच्या दारावर नाव,
अडीचशेत बाहेरच्या विटेवर.

बरेच जण जेवत असतात.
एक बाई म्हणाली, माझंच कर्ज अजून फिटलं नाही गं,
तुझं किती आहे?
मी आकडा सांगितला.
नंतरचे तीन सेकंद कागदावरचे नव्हते.

फेब्रुवारीत, सुपीरियर दूरवर गोठलेलं असताना,
टोइवो कांगास, यांत्रिकी, सन एकसष्ट.
अकराव्या रिंगला उचलला.
"ते पोलाद ताणून तोडायचं यंत्र आहे का अजून?"
आहे, पण नवं आहे.
"तुटताना आवाज होतो?"
होतो.
"मग ठीक."

मी वाटा दाखवू लागले. ते मध्येच म्हणाले,
"माझ्याकडे तुमची एक वस्तू आहे. मायक्रोमीटर.
शेवटच्या दिवशी कोटाच्या खिशात राहिला.
राहिला म्हणजे, मी ठेवला."
यावर काय बोलायचं ते छापलेलं नव्हतं.
"गोदीत तेहेतीस वर्षं त्यानंच मोजलं.
जहाजाच्या तळातून कापलेल्या चकत्या, एकेक.
पातळ पत्रा कधी पास केला नाही.
एका वर्षी मालक ओरडला, मग बायको,
कारण त्या मोसमात नोकरी गेली.
जहाज नाही गेलं."

पडद्यावर तीनच बटणं: हो, नाही, नंतर.
मी 'नंतर' दाबलं.

पार्सल मार्चमध्ये आलं.
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं, टाच रफू केलेली.
तेलाचा वास. चौकटीवर विभागाचा क्रमांक, बारा,
अंगठ्यानं झिजलेला, तरी वाचता येणारा.
सोबत पोस्टकार्डावर पेन्सिलीनं:
"पूर्ण मिटला तरी शून्य दाखवत नाही.
इंचाचे दोन सहस्रांश जास्त दाखवतो.
वजा करून वाचावं.
मी तसंच करत आलो."

कार्यालयातल्या मिसेस ओब्राडोविच
पावतीसाठी किंमत विचारत राहिल्या.
नवा चाळीसला मिळतो.
जुना, ढापलेला, साठ वर्षं उशिरा आलेला,
आणि वर चुकणारा, किती लिहायचे?
फूल ना फुलाची पाकळी,
असं लिहायला रकाना नसतो.
शेवटी त्यांनी पावती केलीच नाही,
मोजा धुऊन, घडी घालून,
टपालानं परत पाठवला.

स्टोअरच्या नोंदवहीत बारा क्रमांकापुढे
कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात होतं, "हरवला".
डेल क्विस्टनी ते खोडलं नाही.
खाली लिहिलं, "मिळाला". तारीख. सही.

मंगळवारी प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला बारा आला.
पट्टी जबड्यात धरली,
खटका तीनदा वाजू दिला,
आकडा वाचला, दोन वजा केले.
शेजारच्या मुलानं विचारलं, ते कशाला?
म्हटलं,
ते यासोबत आलंय.