परस्पर

कर्वेनगरात, पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस.
खाली गहू दळतात, वर आम्ही साम्राज्यं.
दुपारपर्यंत कीबोर्डवर पिठाची पुसट साय धरते,
मी तिच्यात बोटानं किनारे काढते, बेटं काढते, पुसते.
रात्री नऊला मालक बटण बंद करतो.
दगड त्यानंतरही थोडा वेळ फिरत असतो.

नांगरापासून उपग्रहापर्यंतचा खेळ आहे आमचा.
तह, खंडणी, व्यापार, सोयरीक, सगळं होतं त्यात.
टिल्लू म्हणाला, मोठी राष्ट्रं आता
समोरासमोर लढतात का कुठं?
वाटाघाटींच्या पडद्यावर अजून एक बटण टाक.

नावातच दोन दिवस गेले.
'छुपं युद्ध' पेपरातलं वाटलं.
'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक' बटणात मावेना.
प्रॉक्सी म्हटलं की मला मागचा बाक आठवतो,
आणि सुलभा बर्वेच्या नावानं मी दिलेली हजेरी.
ती तेव्हा अलकाला बारा ते तीन बघत होती.
नाव तिचं, आवाज माझा,
सरांनी बाहेर काढलं ते मला.

शेवटी लिहिलं: परस्पर.
गुळगुळीत शब्द. कुठूनही धरा,
हाताला काही लागत नाही.

मग नियम.
सोनं पाठवा, घोडे पाठवा, दोन सल्लागार पाठवा
तिसऱ्या देशात. तो लहान हवा
आणि तुमच्या शत्रूला लागून हवा.
तुमचं माणूस मरणार नाही.
संशयाचा काटा सावकाश चढेल,
तोवर शत्रूच्या वकिलाला तुम्ही हसून विचारा,
यंदा केशर कसं काय दिलंत?

तिसऱ्या देशाला मी नाव दिलं नव्हतं.
चाचणीपुरता लिंबाच्या सालीचा पिवळा रंग दिला,
आणि एक शहर. लोकसंख्या तीन.

आमच्या सोसायटीत चेअरमन खळदकर
आणि सेक्रेटरी पानसे
पार्किंगवरून दोन वर्षं बोलत नव्हते.
जे काही व्हायचं ते वॉचमनमधून.
एक म्हणायचे, सुग्रीव, त्यांच्या पाहुण्यांचे नंबर लिहून ठेव.
दुसरे म्हणायचे, सुग्रीव, त्या चाकातली हवा जरा बघ.
सुग्रीव लिहायचाही, बघायचाही.
दिवाळीला दोघांकडून शंभर शंभर जास्त.
मग कोजागरीला गच्चीवर, मसाला दूध पिता पिता,
कळलं की दोघांचेही मुलगे ऑकलंडला आहेत,
एकाच पेठेतले असल्यासारखे जवळ राहतात.
झाला तह.
खाली गेटवर कुणी काही कळवलं नाही.

शुक्रवारी मुजावरनं खेळून बघितलं, सलग अकरा डाव.
त्याची नोंद समोर उघडी आहे:
'दोन्ही मोठ्यांनी रसद थांबवली. तह झाला. मेजवानीही झाली.
पिवळे तरी लढतायत.
घोडे संपले, आता पायी लढतायत.
शहर एकावर आलंय.
त्यांना थांबवायला बटण नाही.
गंभीर दोष. दुरुस्त करावा.'

दुरुस्ती एका ओळीची आहे.
सोनं शून्य, तर तलवार शून्य.
टिल्लूला सोमवारी सगळं बाहेर पाठवायचंय.
मी ती ओळ लिहिली. खोडली.
पुन्हा लिहिली, आणि चहा गार होईपर्यंत
त्या शहराकडे बघत बसले,
त्या एकाकडे, जो मरेपर्यंत
माझ्याच हिशेबानं बरोबर वागत होता.
मग मुजावरच्या नोंदीखाली टाकलं: दोष नाही.
आणि मशीन बंद केलं.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता.
गेटवर टॉर्च आधी माझ्या नंबरप्लेटवर, मग वहीवर.
एमएच बारा, पुढचे आकडे, सुवाच्य.
म्हटलं, सुग्रीव, त्यांचं मिटलंय रे केव्हाच.
आता कुणासाठी लिहितोयस?

त्यानं अंगठा ओला करून पान उलटलं.
म्हणाला, मिटलं असंल की ताई.
वही कुठं सरलीय पर?