मोठा आर, लहान आर

मत्रहच्या टायपिंग सेंटरमध्ये नासरभाई विचारतो,
मॅडम, रेडकरचा फक्त पहिला आर मोठा, की सगळीच अक्षरं?
बँकेत एक आहे, कार्डावर दुसरं.
मी म्हणते, आमच्या लिपीत मोठं-लहान नसतंच.
तो समोरच्या अरबी पाटीकडे बोट करतो,
यांच्यातही नाही.

आणि मी आठ दिवस याच आरपाशी अडलेय,
रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत.
मोठ्या आरचा ‘रिपोर्ट’ लहान आरचा करा,
एवढीच कुणाची तरी मागणी.
कर्नेल बघतं, नवं नाव आधीच आहे का इथे?
आहे की. या डिस्कला मोठं-लहान कळत नाही.
आयनोडचा नंबर ताडून बघतं. तोही तोच.
मग कशाला हात लावायचा?
शून्य परत करतं. म्हणजे झालं.
आणि नाव होतं तसंच.

खल्फान म्हणतो, आधी भलतंच काहीतरी नाव दे,
मग हवं ते दे. सगळे तेच करतात.
करतात.
पण दोन पायऱ्यांच्या मधोमध वीज गेली तर?
फाईल जागच्या जागी, आतली ओळ न ओळ शाबूत,
फक्त हाक कुठल्या नावानं मारायची
ते कुणालाच ठाऊक नाही.

ताटात तांदूळ पसरले होते.
त्यानं अंगठीनं रेघा ओढल्या: मंजिरी.
म सुरू झाला आणि री पुरी व्हायची होती,
तेवढा वेळ मी कोण होते
हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही, फोटो चालले होते.
मग ताट कुणीतरी उचललं,
तांदूळ डब्यात परत गेले.

आता पॅच जवळजवळ तयार आहे.
नंबर एक असला तरी अक्षरं ताडून बघ,
वेगळी असतील तर नवी लिही, एका दमात,
आणि कॅशमधली जुनी नोंद काढून टाक.
ही शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.
आई फोनवर अजून ‘चारू’च म्हणते,
आणि मी ओ देते.

सगळी मोठी, मी नासरभाईला सांगते.
पाचशे बैसा, तो म्हणतो,
आणि प्रिंटरकडे वळतो.