वहिवाट

हा गडगा डंबर रोकायानं रचला.
कंबरभर उंच, चिरा माझा, मजुरी माझी.
हंगाम संपून होडी शाकारली होती,
त्याच्या हाताला काम नव्हतं, माझ्या डोक्यात राग होता.
मधोमध बांबूचं बेडं त्यानंच बांधलं.
काथ्याची गाठ त्याच्या मुलखातली,
मला अजून सुटत नाही.

गडग्यावरच्या अंगाला विसू डोर्लेकराचं घर.
खालच्या अंगाला मी, आणि माझ्या पायरीशी पूर्णगडची खाडी.
विसूला पाण्यावर जायचं तर माझ्या तुळशीवरून जायला लागतं.
त्याचा आजा गेला, बाप गेला,
खांद्यावरचं जाळं निथळत,
सारवलेल्या अंगणात ओली रेघ सोडत.
वाटणीच्या कागदावर तसं आहे :
'येण्याजाण्यास हरकत नाही.'
कोणाची हरकत नाही, ते लिहायचं राहिलं.

विसूनं परवा घर नव्यानं मांडलं.
चूल हलवली, दार फिरवलं,
खोल्या कोणाला किती, ते पोरांत ठरवून टाकलं.
मला विचारलं नाही.
मी बेडं बंद केलं असं कोणी म्हणू नये.
गुरं येतात. बेडं आपलं बंद राहिलं.
त्याच्या चुलीला लागणारी मासळी
माझ्या वळईत थांबून राहिली, तर तो तिचा प्रश्न.

त्याच साली डंबरच्या गावाकडं जाणारे ट्रक
नाक्यावर उभे राहिले.
त्याची बायको ओली लाकडं फुंकत होती, फोनवर खोकत होती.
मीठ पण नाही, म्हणाला.
तेव्हा तो जेटीवर उघडा बसला होता,
अकरा हंगामांचं खारं पाणी अंगावर वाळलेलं,
कानामागं, भुवयांत, पांढरं.
बर्फाच्या कारखान्यातल्या टीव्हीवर
दोन गळ्यांत दोन हार पडत होते.
संबंध जुने, रोटीबेटीचे. थोरला भाऊ, धाकटा भाऊ.
ट्रक कोणी अडवले? कोणीच नाही.
ते आपले उभे राहिले.

मी सहज विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून,
"तुमच्या देशाला समुद्र नाही, नाय रे?"
"आहे की," डंबर म्हणाला,
"तुमच्याकडं ठेवायला दिलाय."
आणि जाळ्याचं भोक शिवायला लागला.

त्या रात्री मी चूळ भरायला बाहेर आलो
तर चांदण्यात बेडं उभं.
सकाळी डंबरला म्हटलं, सोड ती गाठ.
तो म्हणाला, सोडतो,
पण मजुरी पुऱ्या दिवसाची.
बांधायला लागला तेवढाच वेळ सोडायला लागतो, दादा.
मी घासाघीस केली. अर्ध्यावर आलो.
त्यानं अर्धी गाठ सोडली.

आता बेडं उघडं असतं.
कोंबड्या येतात, खोतांचा कुत्रा येतो.
विसू येत नाही.
तो वरच्या अंगानं खोतांच्या कड्यावरून उतरतो,
जाळं डोक्यावर घेऊन, काजीच्या रानातून,
गुडघे धरत.
लांब पडतं त्याला. पण खोत चहा देतात म्हणे,
आणि कड्याला पायऱ्या पाडून द्यायचं बोलतात.

बायको अंगण सारवते.
संध्याकाळपर्यंत ते सारवलं तसंच राहतं,
कुठं ओलं नाही, कुठं रेघ नाही.
"किती छान राहतंय," ती म्हणते.
मी कागद काढून पुन्हा वाचतो.